धुरींचा तिसरा रकाना

दत्ताराम धुरींनी आयुष्यात तीन कोटेशनांशिवाय काहीही घरात आणलं नाही. प्रेशर कुकर घ्यायचा तर तीन दुकानं, पंखा घ्यायचा तर तीन दुकानं, आणि नळाचा वॉशर बदलायचा तरी तीन प्लंबर, मग तोवर खालच्या बिऱ्हाडाच्या छताला ओल आली तरी बेहत्तर. सरकारी कचेरीच्या भांडार विभागात चौतीस वर्षं काढल्यावर माणसाचं असंच होतं. जानकीबाईंनासुद्धा त्यांनी तिसऱ्या खेपेला पसंत केलं होतं. 'आधीच्या दोघी काय वाईट होत्या?' असं जानकीबाईंनी एकदा सहज विचारलं, तेव्हा 'वाईट नाय होत्यो गो, पण तुलना करूक तीन होये ना,' असं उत्तर देऊन धुरींनी आपल्या सुखी संसारातला एक अख्खा आठवडा अबोल्यात घालवला होता.

तर अशा माणसाच्या हाती बोरीवलीच्या सुप्रभात सोसायटीने डोळे तपासायच्या यंत्राचं काम दिलं, त्याला कोणी काय करणार.

काम तसं किरकोळ होतं. सोसायटीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये सकाळी बालवाडी भरते. सोसायटीतली आणि पाठीमागच्या चाळींतली मिळून एकोणीस पोरं. एका ट्रस्टने पत्र पाठवलं होतं, की आम्ही बोरीवलीतल्या अकरा बालवाड्यांना मुलांची नजर तपासायचं यंत्र देणार आहोत. ही पोरं इतकी लहान, की तक्त्यावरची अक्षरं त्यांना वाचता येत नाहीत, आणि आपल्याला कमी दिसतंय हे त्यांना सांगता येत नाही, कारण जास्त दिसणं म्हणजे काय हेच त्यांना ठाऊक नसतं. हे यंत्र हातभर लांबून दोन्ही डोळ्यांचा फोटो काढतं आणि 'ठीक' किंवा 'डॉक्टरांना दाखवा' असं सांगून मोकळं होतं. बाजारात अशी दोन यंत्रं आहेत, दोन्ही कंपन्या प्रात्यक्षिक द्यायला तयार आहेत, तुमच्या बालवाडीत बघा आणि कुठलं घ्यावं ते कळवा.

"एक लाइन लिहून द्या ना, धुरीसाहेब," सेक्रेटरी दिपेशभाई म्हणाले. "पहिलं बरं की दुसरं बरं. खतम."

"आणि तिसरं?" धुरींनी विचारलं.

"तिसरं नाहीच आहे ना यार."

"मग तुलना कशी होणार?" असं म्हणून धुरींनी नवी फाइल उघडली. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती, पण लाल नाडीच्या सहा फाइली त्यांनी अडीअडचणीला म्हणून जपून ठेवल्या होत्या. त्यातली ही पहिली. नाडी बांधताना त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते मुलाच्या लग्नातही आलं नव्हतं असं जानकीबाईंचं म्हणणं.

बातमी सोसायटीत पसरली आणि सल्ले सुरू झाले. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी सांगितलं, की यंत्रबिंत्र काही नको, रोज एक गाजर द्या. तिसऱ्या मजल्यावरून बदाम आले, म्हणजे बदामांचा सल्ला आला, बदाम आले नाहीत. 'आमच्या वेळेला होते का कुणाला चष्मे?' असं ज्या गृहस्थांनी विचारलं, त्यांच्या चष्म्याच्या काचा इतक्या जाड होत्या, की धुरींना उत्तर देण्याची गरजच वाटली नाही. एका बाईंनी आपल्या सासूचा मोतीबिंदू त्याच यंत्रात बघून मिळेल का अशी चौकशी केली. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवस डोळ्यांची चर्चा चालली आणि तिसऱ्या दिवशी ती नेहमीप्रमाणे पार्किंगवर आली.

तिसऱ्या पर्यायासाठी मात्र धुरी जिवाचं रान करत होते. मालाडच्या एका कंपनीला त्यांनी सविस्तर पत्र पाठवलं. तिथून माणूस तातडीने आला, त्याने लिफ्टसमोर चार कॅमेरे मांडले आणि चोर कसा पकडता येतो ते दाखवू लागला. त्याला चहा पाजून परत पाठवल्यावर कोणीतरी सुचवलं, की भिंतीवरचा जुना अक्षरांचा तक्ताच तिसरा धरा. धुरींनी तोही लावून बघितला. छडी मधल्याच एका अक्षरावर टेकवली, तर एकोणीसच्या एकोणीस पोरांनी 'ए फॉर अ‍ॅपल' पासून सुरुवात केली आणि झेब्रा येईपर्यंत कोणी थांबलंच नाही. तक्त्याकडे एकानेही बघितलं नव्हतं.

शेवटी धुरींनी रात्रभर नाही, पण दुपारच्या झोपेचा चांगला एक तास विचार केला आणि तिसरा पर्याय सापडला. तो पर्याय म्हणजे ते स्वतः. चौतीस वर्षं त्यांनी मालाची पारख केली होती. खुर्चीचा पाय एक सूत आखूड असला तरी त्यांना लांबून कळायचं. मग पोरांचे डोळे कळायला काय हरकत होती? त्यांनी तक्त्यात तिसरा रकाना आखला आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'प्रत्यक्ष निरीक्षण, अनुभवी व्यक्तीद्वारे.'

पुढचा आठवडाभर धुरी बालवाडीच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर वही घेऊन बसले. 'चैतन्य, स्वतःचा डबा ओळखतो, दुसऱ्याचाही ओळखतो. ठीक.' 'जान्हवी, चपला उलट्या घालते, परंतु स्वतःच्याच घालते. ठीक.' बालवाडीच्या बाई बिचाऱ्या साहेब तपासणीला आलेत असं समजून रोज ठेवणीतली साडी नेसून येऊ लागल्या. आणि या यादीत चौदाव्या नंबरावर एक नाव होतं, श्रुतिका सुशांत धुरी, वय वर्षे चार. तिथे शेरा होता, 'अत्युत्तम. नेम अचूक.'

श्रुतिका त्यांची नात. आणि हा नेमाचा विषय धुरींच्या फार जिव्हाळ्याचा होता. कचेरीच्या आंतरविभागीय कॅरम स्पर्धेत त्यांनी लागोपाठ चार वर्षं भांडार विभागाची लाज राखली होती. मुलगा सुशांत कॅरमच्या वाटेला कधी गेलाच नाही, पण नात तीन वर्षांची झाली तेव्हापासून रोज संध्याकाळी उशीवर बसून आजोबांबरोबर खेळायची. स्ट्रायकर ठेवायचा, मान किंचित तिरपी करायची, डावा डोळा घट्ट मिटायचा आणि टिचकी मारायची. सोंगटी जायची. धुरी येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दाखवायचे. "बघा, डोळा मिटून नेम धरते. हे रक्तातच असावं लागतं." दूधवाल्याने ते अकरा वेळा बघितलं होतं.

हे ज्यांना पटलं नाही असं एकच माणूस निघालं, त्या धुरींच्या विहीणबाई.

सरूबाई म्हणजे सून हेमांगीची आई. राहायला गोराईच्या कोळीवाड्यात, आणि बोरीवलीच्या बाजारात मासळीची पाटी. दर रविवारी खाडी ओलांडून लेकीकडे यायच्या, येताना ताजी मासळी आणायच्या आणि जाताना धुरींचा रक्तदाब थोडा वाढवून जायच्या. प्रात्यक्षिकाच्या आधीच्या रविवारी त्या जेवून पान लावत बसल्या होत्या. समोर आजोबा आणि नात कॅरमला बसले होते.

"व्याही," सरूबाई म्हणाल्या, "पोर एक डोला का मिटते?"

"नेम धरते ती."

"आन मान तिरपी कशाला?"

"तीही नेमासाठीच, विहीणबाई. खेळातलं आहे ते, तुम्हाला नाही कळायचं."

"मंग जेवताना पन नेमच धरते काय? मघाशी भाकरीचा तुकडा रश्यात बुडवताना मान अशीच व्हती."

धुरींनी स्ट्रायकर खाली ठेवला. जानकीबाई आणि हेमांगी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"चालीस वर्सं मी मासलीचं डोलं बघूनच धंदा करते," सरूबाई म्हणाल्या. "पोरीच्या एका डोल्यात मना कायतरी कमी दिसतं. डाक्टरला दाखवा."

आता, आपल्या नातीची तुलना कोणी मासळीशी करावी आणि तीही आपल्याच घरात बसून, हे धुरींना सहन होणं शक्य नव्हतं. तरी ते रागावले नाहीत. वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने वापरावा तो सूर त्यांनी लावला. "या म्हणण्याला काही लेखी आधार आहे का?"

"कागूद मी बोंबील बांधाया ठेवते," सरूबाई म्हणाल्या आणि पान तोंडात टाकलं.

हेमांगीच्या जिवाला मात्र ते लागलं. "बाबा, उद्या जाऊन येऊ का डॉक्टरकडे? मी सुट्टी टाकते."

"बुधवारी यंत्रं येतायत ना गं. एकाला दोन यंत्रं. घरबसल्या कळेल. उगाच लहान पोरीला डॉक्टरचा धाक कशाला?" धुरी म्हणाले. हेमांगी गप्प बसली. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या हातात फाइल असली की भलेभले गप्प बसतात.

बुधवार उजाडला. पहिल्या यंत्राबरोबर कृणाल नावाचा तरुण आला. त्याचं यंत्र मोठ्या कॅमेऱ्याएवढं होतं, दोन हातांनी धरायचं, समोर रंगीत दिवे लुकलुकायचे आणि आतून चिमण्यांचा आवाज यायचा, म्हणजे पोर तिकडे बघतं. दुसऱ्या यंत्राबरोबर भाविका नावाची मुलगी होती. तिचं यंत्र म्हणजे मोबाइलवर बसवायची एक डबी. फ्लॅश मारून फोटो काढायचा, तो इंटरनेटवरून कुठेतरी जायचा आणि तिथून निकाल यायचा. दोघांनी एकमेकांकडे बघून न बघितल्यासारखं केलं. धुरींना ते वातावरण इतकं ओळखीचं वाटलं, की त्यांचा ऊर भरून आला.

"अंकल, खोली जरा अंधारी लागेल," कृणाल म्हणाला. "उजेडात बाहुल्या बारीक होतात, मग यंत्राला काही दिसत नाही."

हॉलला सात खिडक्या आणि पडदा एकाही खिडकीला नाही. घराघरांतून चादरी मागवल्या. अकरा चादरी आल्या, त्यांत एकीवर मोर होते आणि एक कुणाच्या तरी ओल्या दोरीवरून थेट आली होती. चादरी लावून अंधार झाला, आणि अंधार झाल्याबरोबर एकोणीसपैकी नऊ पोरांनी भोकाड पसरलं. बाईंनी गाणं सुरू केलं. उरलेली पोरं झोपायची वेळ झाली असं समजून आडवी झाली.

त्यात फोटो काढणार एवढंच आयांच्या कानावर गेलेलं. त्यामुळे पोरं नटून आली होती. मुलींच्या केसांत गजरे, मुलांच्या केसांना चापून तेल, आणि सगळ्यांच्या डोळ्यांत बोटभर काजळ. ते रडण्याने गालांवर उतरलं होतं. ओला रुमाल घेऊन जानकीबाई आणि हेमांगी एकेक डोळा पुसत बसल्या. हेमांगीने त्यासाठी सुट्टी टाकलीच होती.

कृणालच्या यंत्राने चिवचिवाट केला, की पोरं यंत्राकडे न बघता चिमणी शोधायला खिडकीकडे पळायची. चैतन्य तर मोरांच्या चादरीमागे शिरला आणि चादरीसकट बाहेर आला, त्यामुळे पुन्हा उजेड झाला आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. भाविकाचं यंत्र शांत होतं, पण त्याला नेटवर्क लागत होतं, आणि सुप्रभात सोसायटीत नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीपाशी येतं हे सगळ्यांना ठाऊक असूनही कोणी तिला सांगितलं नव्हतं. मग दर दोन पोरांमागे ती मुलगी मोबाइल उंच धरून टाकीपर्यंत धावत जायची आणि निकाल घेऊन परत यायची.

तोवर दारात वडीलधाऱ्यांची रांग लागली. यंत्र आलंच आहे तर आमचेही डोळे बघा. लहान मुलांचं आहे म्हणून सांगितलं, तर दिपेशभाई म्हणाले, "मग वय कमी टाका ना, यंत्राला काय कळतं?" कृणालने नाइलाजाने त्यांचं वय सहा वर्षं टाकलं. यंत्राने थोडा विचार करून 'डॉक्टरांना दाखवा' असं सांगितलं. यंत्रच बिघडलंय, असं दिपेशभाईंनी रांगेतल्या प्रत्येकाला सांगितलं.

दुपारी एक वाजता धुरी तक्ता घेऊन बसले. अठरा पोरांच्या बाबतीत दोन्ही यंत्रांचं एकमत होतं. त्यात वॉचमनच्या मुलाला दोघांनीही डॉक्टरकडे पाठवलं होतं. धुरींच्या रकान्यात तो 'ठीक' होता, पण ही त्यांनी बारीक चूक धरली. उरली चौदा नंबर. तिथे भाविकाचं यंत्र 'ठीक' म्हणत होतं आणि कृणालचं यंत्र 'डॉक्टरांना दाखवा.'

"पुन्हा घ्या," धुरी म्हणाले.

कृणालने पुन्हा घेतलं. तेच. तिसऱ्यांदा घेतलं. तेच. श्रुतिकाला मजा वाटत होती, ती दर वेळी चिमणीला टाटा करत होती.

"उजव्या आणि डाव्या डोळ्यात बराच फरक दाखवतंय, अंकल," कृणाल म्हणाला. "एक डोळा सगळं काम करतो, दुसरा आळशी होत जातो. वरून काही कळत नाही. आत्ता सापडलं तर सुधारतं. मोठं झाल्यावर मग अवघड असतं. एकदा डॉक्टरकडे..."

"तुमचं यंत्र सदोष आहे," धुरी शांतपणे म्हणाले. "दोन विरुद्ध एक. एक यंत्र ठीक म्हणतं, प्रत्यक्ष निरीक्षण ठीक म्हणतं. बहुमत स्पष्ट आहे."

आणि त्यांनी तिथल्या तिथे लिहिलं, 'यंत्र क्रमांक १ ने एका निरोगी बालिकेस दोषी ठरविले. विश्वासार्ह नाही. यंत्र क्रमांक २ ची शिफारस.' सही तेवढी बाकी ठेवली, कारण सहीला हिरवी शाई लागते आणि ते पेन घरी होतं.

वास्तविक भाविकाने आनंदाने घरी जायला हवं होतं. पण ती आपली डबी पिशवीत भरता भरता थांबली. "काका, एक सांगू? मी तिचे दोन फोटो काढले, पहिला यंत्राने नाकारला होता. ती मान तिरपी करत होती ना, म्हणून. दुसऱ्याला मी तिचं डोकं हाताने सरळ धरलं. माझं यंत्र ठीक म्हणालं म्हणजे नक्की ठीक, असं नसतं. माझी भाची असती तर मी दाखवलं असतं."

धुरींच्या चौतीस वर्षांच्या नोकरीत एकाही विक्रेत्याने दुसऱ्याच्या मालाच्या बाजूने तोंड उघडलं नव्हतं. अशा वेळी काय करायचं याबद्दल नियमावलीत काही नव्हतं. "बघू," एवढंच म्हणून ते फाइल घेऊन वर गेले.

वर जानकीबाई तोंड फुगवून बसल्या होत्या. "तुमका आता काय सांगूचा मी? त्या सरूबायनी सांगितल्यान, त्या मशीनीन सांगितल्यान, आता त्या डबीवाल्या चेडवान पण सांगितल्यान. आणि देवान येऊन सांगूचा काय? त्या फायलीक काडी लावतलंय मी."

हेमांगी श्रुतिकाच्या गालांवरचं काजळ पुसत होती, आणि गाल केव्हाच स्वच्छ झाले होते.

धुरी जेवले नाहीत. दुपारची झोपही लागली नाही. फाइल उघडी होती, हिरवं पेन हातात होतं, आणि सही होत नव्हती. सही केली तर अकरा बालवाड्यांत एक यंत्र जाणार आणि दुसरं जाणार नाही, तेही आपण नातीच्या कौतुकापायी लिहिलेल्या तीन शब्दांच्या जोरावर, हे त्यांना आतून टोचत होतं. नात निरोगी आहे हे एकदा स्वतः बघून घ्यावं आणि मग बेलाशक सही ठोकावी, असं त्यांनी ठरवलं.

पाच वाजता त्यांनी कॅरम मांडला. श्रुतिका उशी घेऊन आली, बसली, मान तिरपी केली आणि डावा डोळा मिटला.

"थांब गं," धुरी म्हणाले. "आज गंमत करू. आज हा डोळा उघडा ठेवायचा आणि तो दुसरा मिटायचा."

श्रुतिकाने उजवा डोळा मिटला. स्ट्रायकर चाचपडत ठेवला. टिचकी मारली. समोर वीतभर अंतरावर लाल राणी होती. स्ट्रायकर तिच्या आसपासही गेला नाही, सरळ लाकडी कडेवर आपटून परत आला.

"अजून एकदा."

पुन्हा तेच झालं. मग श्रुतिकाने उजवा डोळा उघडला आणि जरा कंटाळून म्हणाली, "आजोबा, असं नको ना. या डोळ्याने सोंगट्या नसतात."

धुरी पुढे वाकले. "नसतात म्हणजे?"

"म्हणजे नुसतं पांढरं पांढरं असतं. धुरासारखं."

"कधीपासून?"

या प्रश्नाचा अर्थच तिला कळला नाही. ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"अगं मग सांगितलं का नाहीस कधी? आईला, आजीला, मला?"

"तूच सांगितलंस ना," श्रुतिका म्हणाली. "एक डोळा मिटायचा असतो म्हणून. तू सगळ्यांना सांगतोस."

दूधवाल्याला, पोस्टमनला, घरी आलेल्या पाहुण्यांना धुरींनी हेच कौतुकाने दाखवलं होतं. आपल्या नातीला दिसत नव्हतं आणि आपण त्याला टाळ्या वाजवत होतो. त्यांनी तिला उचलून मांडीवर घेतलं आणि तिच्या तेलकट केसांत तोंड लपवलं. श्रुतिकाने तेवढ्यात त्यांची एक सोंगटी हळूच खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं कुटुंब डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलं. निघताना धुरींनी चपला घालत फक्त एवढंच विचारलं, की आणखी दोन डॉक्टरांची नावं काढून ठेवावीत का. जानकीबाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं, की त्यांनी रिक्षा थांबवायला हात वर केला.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत थेंब घातले, तासभर बसवलं, भिंगं लावून लावून बघितलं. डाव्या डोळ्याला मोठा नंबर होता, उजवा जवळजवळ चांगला. त्यामुळे मेंदूने डाव्याचं ऐकणंच सोडायला घेतलं होतं. आता चष्मा लागेल, मग काही महिने चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी, म्हणजे आळशी डोळ्याला कामाला लागावं लागेल. "चार वर्षांची आहे, वेळेत आणलंत," त्या म्हणाल्या. "चांगली सुधारणा होईल अशी आशा आहे. पण या मुलांमध्ये वरून काही दिसत नाही हो. कोणाच्या लक्षात आलं?"

हेमांगीने सासऱ्यांकडे बघितलं, जानकीबाईंनी पंख्याकडे बघितलं. धुरींनी घसा साफ केला. चार वर्षांच्या कॅरम विजेतेपदांचं आणि चौतीस वर्षांच्या पारखीचं ओझं त्या घशात होतं.

"हिच्या दुसऱ्या आजीच्या," ते म्हणाले. "आमच्या विहीणबाई. मासळी विकतात."

"हुशार आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"हो," धुरी म्हणाले. तेवढं म्हणणं त्यांना अख्ख्या आयुष्यात सगळ्यांत जड गेलं, आणि म्हटल्यावर बरंच हलकंही वाटलं.

अहवाल त्यांनी शनिवारी पूर्ण केला. दिपेशभाईंना एक ओळ हवी होती, त्यांना चार पानं मिळाली. यंत्र क्रमांक एकची शिफारस होती. यंत्र क्रमांक दोनबद्दल लिहिलं होतं, की हाताळणीत अडचणी असल्या तरी त्यांच्या प्रतिनिधीचा प्रामाणिकपणा नोंद घेण्याजोगा आहे. कोणत्याही यंत्राने 'ठीक' म्हटलं तरी आईबापांना शंका असल्यास मुलाला डॉक्टरांना दाखवावं, हे वाक्य त्यांनी दोनदा अधोरेखित केलं होतं. आणि शेवटच्या पानावर शेरा होता.

रविवारी सरूबाई आल्या तेव्हा धुरींनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि उभं राहून तो शेरा वाचून दाखवला.

"'पर्याय क्रमांक ३, श्री. द. स. धुरी. तपासणीस पाठविण्याजोगी दोन बालके समोर असता दोघांनाही ठीक ठरविले. पैकी एक स्वतःची नात. सदर पर्याय अपात्र ठरविण्यात येत आहे. याशिवाय श्रीमती सरूबाई यांचा चौथा पर्याय सर्वांच्या आधी प्राप्त झाला होता व तो अचूक होता. लेखी नसल्याच्या कारणावरून तो विचारात घेतला गेला नाही. चूक सर्वस्वी निम्नस्वाक्षरीकाराची आहे.'" खाली हिरव्या शाईत सही होती.

सरूबाईंना त्यातलं अर्धं कळलं नाही, पण जे कळायचं ते कळलं. त्यांनी पदराने डोळे टिपले आणि म्हणाल्या, "तो कागूद मना द्या. यात बोंबील नाय बांधायची मी."

संध्याकाळी कॅरम मांडला. पट्टीचे दोन तास नुकतेच संपले होते. श्रुतिकाच्या नाकावर नवा लाल चष्मा होता आणि तो ती दर मिनिटाला बोटाने वर ढकलत होती. तिने स्ट्रायकर ठेवला, सवयीने मान तिरपी केली आणि थांबली.

"आजोबा, आता कुठला डोळा मिटायचा?"

"एकही नाही गं," धुरी म्हणाले. "दोन्ही उघडे ठेवायचे. मीपण ठेवतो."

तिने दोन्ही डोळे मोठे करून टिचकी मारली. सोंगटी भोकाच्या काठावर जाऊन थांबली. मग धुरींची पाळी आली. गेली चाळीस वर्षं डावा डोळा मिटून खेळलेल्या त्या माणसाने दोन्ही डोळे उघडे ठेवले, नेम धरला, आणि स्ट्रायकर थेट कपाटाखाली घालवला.

"व्याही," सरूबाई पान लावता लावता म्हणाल्या, "तुमचं पन एकदा दाखवून घ्या."

आणि धुरींनी, लेखी काही न मागता, सोमवारची वेळ घेतली.